फावल्या वेळचा उद्योग



कचेरीतून परतलेला मुलगा रात्री पुन्हा संगणकापुढे बसला, की ‘ह्यातून मिळणार काय?’ असे आम्हीच विचारीत आलो. तो प्रश्न आज आम्ही मागे घेतो. आंतरजालावरील आपला परिचयलेख कोण पाहतो हे कळावे म्हणून रास्मुस लेर्डॉर्फ ह्या तरुणाने १९९४ साली स्वतःपुरत्या काही लहान आज्ञावल्या रचिल्या. जून १९९५ मध्ये त्या त्याने सर्वांस खुल्या केल्या. त्यांतूनच ‘पीएचपी’ ही भाषा वाढली. आज असंख्य संकेतस्थळे तिजवर चालतात. प्रत्येक खटपट अशी फळेल असे नव्हे. पुष्कळशा अर्ध्यावरच राहतील. परंतु हात तयार होतो तो त्यांतच. म्हणून विनंती एवढीच, की मुलाच्या खोलीतला तो दिवा आपण विझवू नये.