मानेची जबाबदारी कुणाची?



अध्यक्षाने आपल्या शास्त्राचा भूतकाळ आळवावा आणि भविष्याकडे बोट दाखवून बसावं, अशी रीत आहे. मी आज एकाच अडचणीबद्दल बोलणार आहे. महाधमनीच्या डिसेक्शनची मोठी शस्त्रक्रिया पार पडली, छाती बंद झाली, रुग्ण जगला. पण मानेतली कॅरोटिड उकललेलीच राहिली. तिथे स्टेंट घालायचा का, केव्हा, आणि ते ठरवायचं कुणी?

मायकेल डेबेकींनी 1953 साली ह्यूस्टनमध्ये कॅरोटिड उघडून तिच्यातला साचलेला थर काढला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेक्शन झालेल्या महाधमनीवर यशस्वी शस्त्रक्रिया केली. म्हणजे मान आणि छाती तेव्हा एकाच माणसाच्या हाती होती. (पुढे 2005च्या अखेरीस, वयाच्या 97व्या वर्षी, खुद्द डेबेकींचीच महाधमनी उकलली. फेब्रुवारी 2006 मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले.) आज छाती हृदयशल्यविशारदाची, मेंदू न्यूरॉलॉजिस्टचा, स्टेंट इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टचा किंवा व्हॅस्क्युलर सर्जनचा आणि रात्रपाळी आयसीयूच्या डॉक्टरांची. मधली चार बोटं मान कुणाचीच नाही.

आजाराची घडण तुम्हाला ठाऊकच आहे, पण सभागृहात तालुक्याहून आलेले फिजिशियन मित्र आणि बरेच विद्यार्थीही दिसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. महाधमनीच्या आतल्या थराला चीर पडते, रक्त भिंतीच्या मधल्या थरात घुसतं आणि भिंत उभी उकलत जाते. जुन्या कोटात हात घालताना तो बाहीऐवजी फाटलेल्या अस्तरात शिरावा, तसं. रक्ताची खरी वाट चेपते आणि शेजारी खोटी वाट फुगते. चढत्या महाधमनीत हे घडलं की पहिले दोन दिवस दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असं आपण विद्यार्थिदशेपासून घोकत आलो. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय नोंदी यापेक्षा सौम्य आकडा दाखवतात, पण सर्जनची घाई कमी व्हावी इतका सौम्य नाही.

त्या घाईत सर्जन जे करतो ते योग्यच असतं. शरीर थंड करून रक्ताभिसरण थांबवायचं, फाटलेला चढता भाग आणि कमानीची खालची बाजू कापायची आणि तिथे डॅक्रॉनची नळी शिवायची. हे जीव वाचवण्याचं ऑपरेशन आहे. कमानीतून मानेकडे निघणाऱ्या शाखा त्यात अनेकदा उकललेल्याच राहतात, आणि संपूर्ण कमान बदलली तरी उकल शाखेत वर चढलेली असेल तर ती तिथेच उरते.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. सगळा निर्णय त्यावर उभा आहे. कधी कधी महाधमनीतला सुटा पडदा फक्त शाखेच्या तोंडावर येऊन पडतो. महाधमनी दुरुस्त झाली, खऱ्या वाटेत दाब परतला की पडदा बाजूला होतो आणि कॅरोटिड आपोआप वाहू लागते. अशा रुग्णात स्टेंटची घाई करणं हा निव्वळ उत्साह. पण कधी उकल शाखेच्या आतच शिरते, खोट्या वाटेतल्या रक्ताला वर बाहेर पडायला जागा मिळत नाही, ते गोठतं आणि खऱ्या वाटेला एका बाजूने दाबून धरतं. छातीतलं ऑपरेशन कितीही सुबक झालं तरी हा दाब सुटत नाही. स्टेंटची खरी जागा ती आहे.

अशा रुग्णाची दुसरी सकाळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भूल उतरते, रुग्ण डोळे उघडतो, उजवा हात हलवतो, डावा हलत नाही. उजवी कॅरोटिड ज्या मोठ्या खोडातून निघते ते महाधमनीच्या कमानीची पहिली शाखा, आणि उकल तिच्यात वारंवार शिरते. म्हणून मेंदूची उजवी बाजू जास्त वेळा धोक्यात येते. आता पलंगाभोवती जी चर्चा सुरू होते ती ऐकण्यासारखी असते. हृदयशल्यविशारद म्हणतो, वरचा रक्तदाब 120च्या पुढे जाऊ देऊ नका, माझे टाके आणि उरलेली महाधमनी धोक्यात येईल. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतो, चेपलेल्या नळीतून मेंदूला रक्त पोचायचं तर दाब वाढवा. दोघंही बरोबर असतात. आयसीयूतला तरुण डॉक्टर मधला आकडा धरतो, आणि बऱ्याचदा त्यात कुणाचंच भलं होत नाही. स्टेंटमुळे हा पेच सुटू शकतो, कारण नळी उघडली की दाब खाली ठेवण्याची मुभा मिळते. उलट तो खाली ठेवावाच लागतो. उपाशी राहिलेल्या मेंदूत एकदम जोराने रक्त गेलं तर रक्तस्रावाची भीती असते.

दुसरा पेच औषधांचा. स्टेंट उघडा ठेवायला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हवं, आणि छातीतल्या नळ्यांमधून अजून रक्त येत असतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तर इतक्या ताज्या शस्त्रक्रियेनंतर विचारातही घेता येत नाही. ड्रेनमधला स्राव कमी होईपर्यंत थांबायचं, की मेंदूचे तास मोजायचे? याला सरसकट उत्तर नाही. मोठा भाग आधीच मेला असेल तर रक्ताची वाट उघडून नुकसानच वाढेल, म्हणून आधी मेंदूचं स्कॅनिंग. भाग अजून वाचण्याजोगा असेल आणि प्रवाह खरोखर अडलेला असेल, तर सर्जनच्या संमतीने थोडी जोखीम घ्यावी, असं माझं मत आहे. संमती मी मुद्दाम म्हणतो. फोनवरचा ‘बघा तुम्ही’ हा संमतीचा प्रकार नव्हे.

तंत्राबद्दल एकच गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात युक्ती आहे. जांघेतून वर जायचं तर महाधमनीही उकललेली असू शकते. तार खऱ्या वाटेत आहे असं वाटतं, आणि वाटेतल्या एखाद्या छिद्रातून ती खोट्या वाटेत गेलेली असते. तिथे स्टेंट उघडला तर आपणच खरी वाट कायमची बंद केली. म्हणून काही जण उलट दिशेने जातात. मानेत छोटी चीर देऊन, उकल जिथे संपते त्याच्या वर, जिथे नळीला एकच पोकळी आहे तिथे कॅरोटिडमध्ये शिरायचं आणि खाली कमानीकडे उतरायचं. सुरुवातच खऱ्या वाटेत होते. आतून अल्ट्रासाउंड केलं तर खात्री पटते. मानेत स्टेंट आपोआप उघडणाऱ्या निटिनॉलचा हवा, कारण मान वळते आणि बाहेरून दाबली जाते. फुगा मात्र सांभाळून. ही भिंत आधीच फाटलेली आहे. फिल्म देखणी दिसावी म्हणून तो फुगवू नका.

आता पुराव्याकडे येतो. इथे आपण विनम्र असलेलं बरं. कॅरोटिड स्टेंटवरचा 2010चा प्रसिद्ध क्रेस्ट अभ्यास चरबी साचून अरुंद झालेल्या नळ्यांचा आहे. 2015 साली निष्कर्ष आलेल्या ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या कॅडिस अभ्यासात 250 रुग्ण होते. त्यातली उकल मानेतच सुरू झालेली होती, आणि तीन महिन्यांत पक्षाघात फक्त चौघांना झाला. दोन्ही आपल्या रुग्णाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या उकलीसाठी आपल्याकडे आहेत ते निवडक रुग्णांचे अहवाल, आणि ते लिहिणाऱ्यांना आपले यशस्वी रुग्ण जास्त आठवतात. म्हणून माझी भूमिका आखडत्या हाताची आहे. लक्षणं नाहीत, दोन्ही वाटांतून रक्त वाहतंय, मेंदूला पुरेसं मिळतंय, तर केवळ सीटीवर पडदा दिसतो म्हणून स्टेंट घालू नका. असे अनेक रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्यांवर आणि नियमित तपासणीवर नीट राहतात.

पण तपासणी व्हायला ती कॅरोटिड कुणीतरी पाहिलेली तर हवी! छातीत कळ आली म्हणून सीटी होतो तो छाती-पोटाचा. मान सुटते. पहिल्याच सीटीत मान आणि डोकं धरायला काही सेकंद जास्त लागतात. ऑपरेशनच्या वेळी कपाळावर लावलेल्या सेन्सरवर एका बाजूचा प्राणवायू घसरला, तर ती नोंद भूलतज्ज्ञाच्या कागदावर पडून न राहता रात्री आयसीयूत पोचायला हवी. आणि तालुक्यातल्या मित्रांनो, अचानक लकवा मारलेला रुग्ण आला, त्याने छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखं दुखल्याचं सांगितलं, किंवा दोन हातांचा रक्तदाब वेगळा लागला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी थांबा. महाधमनी उकललेली असेल तर ते इंजेक्शन जीव घेतं. काही रुग्णांना दुखतही नाही, म्हणून दोन्ही हातांचा दाब मोजायची सवयच लावून घ्या.

डिस्चार्ज कार्डावर महाधमनीच्या नळीचा आकार असतो, टाक्यांची तारीख असते. तिथे दोन्ही कॅरोटिडच्या अवस्थेची एक ओळ हवी, आणि पुढचा डॉप्लर केव्हा व कुणाकडे तेही. त्या ओळीखाली कुणाची सही असावी यावर आपण आज भांडूया. माझ्या मते ऑपरेशन करणाऱ्या सर्जनची. दुपारच्या सत्रात अशाच रुग्णांची चर्चा आहे. अध्यक्ष म्हणून एवढा अधिकार वापरतो: ज्याने स्टेंट घातला त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, आणि सुरुवात भूलतज्ज्ञांनी करायची.