चाळी आणि शेजारधर्म

मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२० नंतर कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळी आता पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामाईक शौचकूप! अशा निवासाचे गोडवे गाणे तेथे न राहणाऱ्यांसच सुचते. २०२५ च्या ऑगस्टात वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, हे न्याय्यच झाले. परंतु समोरासमोरच्या दारांमधील बोळातच लग्नाची तयारी होई, आजाऱ्याची शुश्रूषाही होई. एखादी चाळ स्मारक म्हणून राखल्यास भिंती टिकतील. शेजार टिकावयाचा तर नव्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर चार माणसांना बसावयास जागा हवी. वारशाचा हा भाग नकाशातच आखावा लागतो.