सेवेचे तास

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महाविद्यालयीन विद्यार्थी व पालक यांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी आनंदाचे चार शब्द बोलावेत, अशी रीत आहे. ती मोडण्याचा आमचा हेतू नाही. तथापि प्रारंभी आम्हांस आमच्याच एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. इतरांचे पापनिवेदन ऐकणाऱ्याने स्वतःची चूक सांगण्यास लाजू नये.

काही वर्षांपूर्वी या धर्मग्रामातील एक विद्यार्थी महाविद्यालयाचा छापील तक्ता घेऊन आम्हांकडे आला. समाजसेवेचे साठ तास त्यास भरावयाचे होते. दृष्टी गेलेल्या एका वृद्ध भगिनीस दर शनिवारी सायंकाळी शुभवर्तमान व वर्तमानपत्र वाचून दाखवावे, असे काम आम्ही त्यास नेमून दिले. तो दोन शनिवार गेला. पुढे परीक्षा आली, पाऊस आला, गाड्या खोळंबल्या. वर्षअखेरीस तो तक्ता घेऊन पुन्हा दाराशी उभा राहिला. मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, म्हणून आम्ही साठही तासांवर सही केली आणि वर धर्मग्रामाचा शिक्का उमटविला. या कृत्यास त्या वेळी आम्ही दया समजलो.

पुढील महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी परमप्रसाद घेऊन आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो. परमप्रसाद स्वीकारल्यावर, क्षणभर प्रार्थना करून ती म्हणाली, "फादर, तो वाचणारा पोर आजारी आहे का हो? दर शनिवारी मी त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवते." आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या सहीने आम्ही एका मुलास खोटे बोलण्याचा धडा दिला, आणि एका म्हातारीची वाट पाहणे कवडीमोल ठरविले. त्या दिवसापासून "सेवेचे तास" हा शब्द कानी पडला की ती खुर्ची आम्हांस दिसते.

विद्यार्थ्यांनी सेवा करावी आणि सेवेतून शिकावे, ही कल्पना आजची नव्हे. 1833 साली पॅरिस शहरी फ्रेडरिक ओझानाम नामक वीस वर्षांचा तरुण कायद्याचा अभ्यास करीत होता. एका वादसभेत ख्रिस्ती विद्यार्थ्यांस प्रतिपक्षाने टोमणा मारला की, तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, परंतु आज तुम्ही काय करीत आहात? हा प्रश्न ओझानाम यांच्या जिव्हारी लागला. मूठभर सोबत्यांसह त्यांनी गरिबांच्या घरी जाण्याचा निश्चय केला. परंतु जावे कसे आणि बोलावे काय? तेव्हा त्यांनी सिस्टर रोझाली रांद्यू यांचे साहाय्य घेतले. मुफतार भागातील दरिद्री वस्तीत या सिस्टरांनी आयुष्य वेचले होते. त्यांनी या मुलांस कुटुंबे दाखवून दिली आणि गरिबाचा मान राखून त्याच्याशी कसे वागावे, हे शिकविले. मुले नियमाने एकत्र बसून आपापले अनुभव सांगत. याच मंडळीतून संत व्हिन्सेंट द पॉल संस्था उदयास आली. पुढे ओझानाम सोर्बॉन येथे प्राध्यापक झाले, आणि 1997 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांस धन्यवादित घोषित केले.

या कथेतील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सेवेस जाणाऱ्या मुलांना एक जाणते माणूस मार्गदर्शक लाभले; जाण्याचे घर ठरलेले होते; आणि काम करून आल्यावर त्याविषयी विचार करण्यास मंडळी एकत्र बसत असे. "सेवेतून शिक्षण" या अर्थाचा इंग्रजी शब्द अमेरिकेत 1967 च्या सुमारास रूढ होऊ लागला. परंतु त्याचा गाभा या तीन गोष्टींत पूर्वीच होता.

आपल्या देशातही हा मार्ग अनोळखी नाही. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान होय. वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करणे, हा तेथील शिक्षणाचाच भाग झाला. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास सेवा करावी, असा दंडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यात तर समाजसेवा व इंटर्नशिप यांसही श्रेयांक दिले असून, एका श्रेयांकास सत्रात 30 तास धरले आहेत. अशा रीतीने सेवेस अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्यास गुण मिळतात, त्याची नक्कलही होऊ लागते, हे आम्ही स्वानुभवाने सांगत आहोत.

सेवेतून शिकणे म्हणजे काय, हे आम्ही स्वतः उशिरा शिकलो. सेमिनरीत असताना आम्हांस रुग्णालयात रोग्यांच्या भेटीस पाठविण्यात आले. परत आल्यावर आम्ही मोठ्या अभिमानाने सांगू लागलो की, अमक्या रोग्यास आम्ही असा उपदेश केला, तमक्यास असा धीर दिला. आमच्या गुरुवर्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांनी तुम्हांस काय सांगितले?" आमच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते, कारण आम्ही काही ऐकलेच नव्हते. त्या एका प्रश्नाने जे शिकविले, ते कित्येक ग्रंथांनी शिकविले नसते.

आता इंटर्नशिपविषयी. हा शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. आपले वाडवडील तिला उमेदवारी म्हणत. सुताराचा उमेदवार प्रथम रंधा धरावयास शिके. पण उस्ताद समोर उभा असे. आज काही ठिकाणी उमेदवाराकडून केवळ कागदांच्या प्रती काढविल्या जातात आणि शेवटी प्रमाणपत्र हाती दिले जाते. ही उमेदवारी नव्हे, वेठ होय. दुसरी अडचण याहून बिकट आहे. संपन्न घरचा मुलगा दोन महिने विनावेतन मुंबईच्या कचेरीत बसू शकतो. वाडीत राबणाऱ्या बापाच्या मुलीस रेल्वेचा पास व दुपारचे जेवण यांचीही विवंचना पडते. केंद्र शासनाने 2024 साली काढलेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत 21 ते 24 वर्षांच्या उमेदवारांस दरमहा 5,000 रुपये देण्याचे ठरले; परंतु पूर्ण वेळ शिकणारे विद्यार्थी तीत बसत नव्हते. मग त्यांचा भार कोणी उचलावा?

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आरंभ आपल्या अंगणातून व्हावा, अशी आमची विनंती आहे. महोत्सवाच्या निधीतील एक वाटा अशा मुलांच्या प्रवासखर्चासाठी निराळा ठेवावा. आपल्यापैकी जे वकील, हिशेबनीस, परिचारिका, शिक्षक वा कारखानदार आहेत, त्यांनी वर्षास एक तरी विद्यार्थी हाताखाली घ्यावा आणि त्यास खरे काम शिकवावे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी बचतगटांचे हिशेब लिहून द्यावेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वृद्ध व विधवा यांस शासकीय अर्ज भरण्यास मदत करावी. महिन्यातून एकदा सर्वांनी धर्मग्रामाच्या सभागृहात बसावे. तेथे आम्ही तुम्हांस एवढेच विचारू की, त्यांनी तुम्हांस काय सांगितले? आणि जो तास भरला नाही, त्यावर यापुढे आमची सही होणार नाही. मुलांनो, याचा राग मानू नका. तुमच्यावरील प्रेमापोटीच आम्ही हे ठरविले आहे.

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी आठवा. त्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, त्यास उतारशाळेत नेले, पैसेही दिले. इतके केल्यावर तो आपले कर्तव्य संपले असे मानून मोकळा झाला असता, तर कोणी त्यास दोष दिला नसता. परंतु परत येण्याचे वचन देऊन तो पुढे गेला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमचे तास भरतील, तक्त्यावर सही होईल, श्रेयांकही मिळतील. त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही जाल की नाही, यावरून तुम्ही काय शिकलात ते कळेल. ती भगिनी अद्याप हयात आहे, आणि शनिवारी सायंकाळी तिच्या घरी खुर्ची मांडलेली असते. आज सभा संपल्यावर तिच्या घरचा रस्ता आम्हांस कोण विचारतो, याची आम्ही वाट पाहत आहोत.

परमेश्वर तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.