‘नर्सिंग’ म्हणजे नेमकं काय?
(बीड जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचं आढळलं.

पिशवी काढावी की नाही, यावर आपण पुष्कळ बोललो. पण काढल्यावर टाके, ताप, रक्तस्राव कोण बघतं? ‘पॅकेज’मध्ये ‘नर्सिंग’ एवढाच शब्द. त्यात नोंदणीकृत परिचारिका येते, की चादर बदलणारी मावशी? मावशीचं काम हलकं नाही. पण टाक्यात पू होतोय हे वेळेत ओळखणं ही शिकून आलेली विद्या आहे, आणि पैसे तिच्याच नावावर घेतले जातात.

२०२१ च्या सुधारित नियमांनुसार खाजगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावायची असते. ती बघा. लेखी मागा : परिचारिका किती तास, ड्रेसिंग किती वेळा, घरी गेल्यावर दाखवायचं कुठे.

खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून बाई ओल्या टाक्यांनी फडात उतरते. तेव्हा उचल घेतानाही विश्रांतीचे दिवस लिहून घेऊ. शब्द मोघम राहिला, की भुर्दंड बाईच्याच अंगावर.