शाळेच्या आवारातील जमा-खर्च
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेतला कारकून. प्राथमिक शाळेतील पर्यावरण शिक्षणावर मला बोलायला सांगितले आहे, तेव्हा मी हिशेबाच्या भाषेतच बोलणार, हे आपण गोड मानून घ्यावे.

५ जून हा जागतिक पर्यावरण दिन १९७३ पासून पाळला जातो. गंमत अशी की, त्या दिवशी आपल्या राज्यातील बहुतेक प्राथमिक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते! मग शाळा उघडल्यावर कधीतरी खड्डे खणायचे, पाहुणे बोलवायचे, फोटो काढायचा. दिवाळीनंतर त्या रोपाला पाणी कोण घालतो, हे कोणी विचारीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. परिसर अभ्यासाची पुस्तकेही मुले वाचत आली आहेत. उणीव पुस्तकांची नाही. मोजून पाहण्याची आहे.

शाळेचा गळका नळ घ्या. सेकंदाला एक थेंब पडतो असे धरू. औषधाच्या बाटलीचे खुणा केलेले टोपण नळाखाली धरून एका मिलिलीटरमध्ये किती थेंब मावतात, हे चौथीचे मूलही मोजू शकते. ते साधारण वीस भरले, तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे सव्वाचार लिटरहून अधिक पाणी झाले. हा गुणाकार ज्या मुलाने स्वतः केला, त्याला 'पाणी वाचवा' ही पाटी वाचून दाखवावी लागत नाही. ते मूल नळ दुरुस्त करा म्हणून गुरुजींच्या मागे लागते. तसेच पावसाचे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद वर्गाच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर ४८० लिटर! त्यातले थोडे वाया जाईल, तरी बरेच पिंपात येईल. ताटे धुतलेले पाणी पपईच्या आळ्यात सोडावे, भाजीची देठे खतखड्ड्यात टाकावीत. हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

मला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीवर. शाळेत झाडू कोणाच्या हाती असतो?

महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. तरीही आपल्या माणसांना त्या पाण्याला हात लावता येत नव्हता. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जावे लागले. कागदावर नोंद असणे आणि प्रत्यक्ष जमा होणे यांत किती अंतर असते, हे आम्हा बँकवाल्यांना चांगले समजते. वेळापत्रकात श्रमदान सगळ्या वर्गाचे लिहिलेले असते. पण झाडायला मुली, पाणी भरायला ठराविक मुले आणि नाक मुरडायला बाकीचे, असे जिथे चालते तिथे मुले परिसर शिकत नाहीत, जुनी उतरंडच शिकतात. आडनाव ऐकून झाडू हाती देणारा शिक्षक वर्षभर स्वच्छतेवर कितीही बोलो, मुलांनी धडा घ्यायचा तो घेतलेला असतो.

म्हणून पाळी हजेरी क्रमांकाने लागावी. मुलगा-मुलगी, सधन-गरीब असा भेद नसावा, आणि गुरुजी-बाईंचेही नाव त्या यादीत असावे. शौचालयाची सफाई मात्र मुलांवर टाकू नये. ते मोठ्या माणसाचे पगारी काम आहे. हातमोजे, बूट त्याला मिळालेच पाहिजेत, आणि ते मिळतात की नाही हे पालकांनी विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोठ्या वर्गांतले आहात. धाकट्या भावंडांच्या शाळेत एक शंभर पानी वही नेऊन द्या. डाव्या पानावर नळ, पाऊस, रोपे. उजव्या पानावर त्या दिवशी झाडू कोणी मारला त्याचे नाव. महिन्याने ती वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत उघडायला सांगा. पालक म्हणून बसणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत. उजवे पान त्यांनी आधी वाचावे.

जयभीम!