पुरवठा साखळीचा सल्लागार : नव्या पिढीसाठी एक व्यवसायमार्ग



कापसाच्या गाठीपासून गिऱ्हाइकाच्या हातातील कपड्यापर्यंत मालाचा प्रवास अनेक हातांतून होतो. सूतगिरणी, इचलकरंजी-मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग, रंगाईचे कारखाने, घाऊक पेढी, ट्रान्सपोर्ट आणि शेवटी किरकोळ दुकान. या सर्वांना जोडणारी ती पुरवठा साखळी. कीथ ऑलिव्हर या ब्रिटिश सल्लागारांनी १९८२ साली ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्द जाहीरपणे वापरला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. शब्द नवा असला तरी विषय व्यापारी कुटुंबांच्या परिचयाचा आहे.

मुलगा पेढीवर न बसता इतरांना सल्ला देण्याचा व्यवसाय करू म्हणतो, तेव्हा वडिलांच्या मनात शंका येते की केवळ सल्ल्यावर का कुणाचे घर चालते? त्याचे उत्तर हिशेबातच आहे. एखादे दुकान वर्षाला खरेदी किमतीने एक कोटी रुपयांचा माल विकते आणि सरासरी पन्नास लाखांचा साठा बाळगते, असे समजू. भांडवल वर्षातून दोनदाच फिरले. विक्रीस धक्का न लावता साठा चाळीस लाखांवर आणला, तर दहा लाख रुपये मोकळे होतात आणि बारा टक्के दराने वर्षाला एक लाख वीस हजारांचे व्याज वाचते. जो ही बचत प्रत्यक्ष करून दाखवतो, त्याला मालक आनंदाने मोबदला देतो.

साठा का फुगतो, हे ओळखणे हेच सल्लागाराचे खरे कौशल्य होय. लग्नसराईत शंभरांऐवजी एकशे दहा साड्या खपल्या, की दुकानदार एकशे तीस मागवतो, घाऊक व्यापारी दीडशे नोंदवतो आणि उत्पादक दोनशेंची तयारी करतो. हंगाम सरतो आणि माल गोदामात पडून राहतो. यासच ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याची मीमांसा केली. प्रत्यक्ष विक्रीचे आकडे सर्व दुव्यांना वेळेवर कळणे, हा त्यावरील मुख्य उपाय आहे.

कायदा बदलला की साखळीही बदलते. पूर्वी परराज्यातील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत गोदामे ठेवीत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि अनेक लहान गोदामांऐवजी मोक्याच्या ठिकाणी मोठी गोदामे उभारणे सोयीचे झाले. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा एकाच मार्गावर विसंबण्याचा धोका साऱ्या जगाने पाहिला. अशा प्रत्येक प्रसंगी जाणत्या सल्लागाराची गरज भासते.

या क्षेत्रात प्रवेश कसा करावा? वाणिज्य अथवा अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर निदान पाच-सहा वर्षे खरेदी, गोदाम, वाहतूक किंवा उत्पादन-नियोजन यांत नोकरी करावी. मालकाच्या मुलाने दुसऱ्याच्या गोदामात नगास नग मोजण्यात कमीपणा मानू नये. संगणकावरील हिशेब, संख्याशास्त्र आणि ईआरपी प्रणाली आत्मसात करावी. पवईची १९६३ साली स्थापन झालेली ‘नीटी’ २०२३ पासून आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते; या विषयाच्या शिक्षणात तिचा लौकिक जुना आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम आहेत. सीपीआयएम व सीएससीपी या प्रमाणपत्रांना परदेशांतही मान आहे. त्यानंतर काही वर्षे सल्लागार संस्थेत उमेदवारी करावी आणि मगच स्वतंत्र पाटी लावावी. पहिले काम लहान घ्यावे, व्याप्ती व मोबदला लेखी ठरवावा आणि आरंभीचे व अखेरचे आकडे मालकापुढे ठेवावेत.

तथापि विद्येइतकेच शीलही महत्त्वाचे आहे. सल्लागारास अनेक पेढ्यांचे खरेदीदर कळतात. एकाचे दुसऱ्याच्या कानी जाता कामा नयेत. ज्याने ट्रान्सपोर्टवाल्याकडून वा सॉफ्टवेअर विक्रेत्याकडून गुप्त दलाली घेतली, त्याचा सल्ला विकला गेला. दहा वर्षे जपलेला माल आता कवडीमोल झाला आहे, हे कटू सत्य मालकास नम्रपणे सांगण्याचे धैर्यही हवे. लहान यंत्रमागधारकांचे पैसे थकवून दाखवलेली बचत ही बचत नव्हे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. माग बंद पडला तर साखळीच तुटते.

पालकांनी मुलाच्या या उमेदवारीकडे पेढीचा वियोग म्हणून पाहू नये. बाहेर शिकून आलेल्या मुलास एकदा स्वतःच्याच गोदामाच्या चाव्या देऊन पाहाव्यात आणि त्याने मांडलेला हिशेब शांतपणे ऐकावा. त्याच्या पहिल्या सल्ल्याची परीक्षा घरीच होईल आणि लाभही घरासच होईल. या मार्गाने जाणाऱ्या सर्व तरुण-तरुणींस उदंड यश लाभो, हीच शुभकामना!