लिलावाची रीत आणि वाटसरूची पुरचुंडी



'लिलाव' हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. जकातीचा किंवा नदीवरील उताराचा मक्ता देण्याची चाल आपल्याकडे जुनी. 'मक्तेदारी' या शब्दाचा आजचा अर्थ त्याच अनुभवातून उपजला. देवासवरून येणारा आग्रा-मुंबई मार्ग धार जिल्ह्यात खलघाटापाशी नर्मदा ओलांडतो. नदी तीच, वाट तीच. परंतु वसुलीचा हक्क कोणत्या रीतीने विकला जातो, यावर बोली लावणाऱ्याचे वर्तन पालटते.

जाहीर लिलावात प्रत्येक सवालागणिक प्रतिस्पर्ध्याचा अंदाज उघड होतो. मात्र तेथे माणूस इरेस पेटतो; आणि आधीच साटेलोटे झाले असल्यास ते कोणी मोडले हेही तत्काळ दिसते. बंद लखोट्यात अंधार असतो, म्हणून प्रत्येकजण आपल्या खऱ्या अंदाजापेक्षा कमी आकडा लिहितो. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले की, सर्वोच्च बोलीवाल्याकडून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच रक्कम घेतली, तर खरे मूल्य लिहिण्यातच त्याचे हित राहते.

रस्त्याच्या बाबतीत अडचण निराळी आहे. पुढील वीस वर्षांत किती वाहने येतील, हे कोणासच ठाऊक नसते. जो सर्वाधिक आशावादी तोच जिंकतो आणि पस्तावतो. यालाच 'विजेत्याचा शाप' म्हणतात. मोठमोठी रक्कम देऊ करून महामार्गांची कंत्राटे घेणाऱ्या काही कंपन्यांना ती भरणे जड गेले, तेव्हा २०१३-१४ मध्ये केंद्र शासनास हप्त्यांची फेरआखणी मान्य करावी लागली. पथकराचे दर नियमाने बांधलेले असल्याने तूट दुरुस्तीच्या दिरंगाईतून भरून काढण्याचा मोह होतो.

चिली देशाने १९९८ मध्ये सान्तियागो-वालपाराइसो मार्गासाठी वेगळी रीत योजिली. जो एकूण उत्पन्न कमीत कमी मागेल त्यास कंत्राट. तेवढे जमले की मुदत समाप्त. वाहने रोडावली तर मुदत लांबते. त्यामुळे शापाची धार बोथट होते.

घाटाच्या लिलावात पैलतीरी जाणाऱ्यास सवाल करण्याचा अधिकार नसतो. रक्कम मात्र अखेरीस त्याच्याच पुरचुंडीतून निघते. म्हणून अशा करारांच्या अटी वाचनालयाच्या मेजावर वर्तमानपत्रांशेजारी असाव्यात. पैसे देणाऱ्यास निदान वाचण्याचा हक्क तरी असावा.